मागची सीट आठ महिने रिकामी होती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फियाटची स्पोर्टी हॅचबॅक अबार्थ पुंटो देऊन मारुतीची सियाझ घेतल्याच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की जो माणूस इतकी वर्षं इथे स्टीअरिंग, ब्रेक आणि वळणावरच्या पकडीबद्दल लिहीत आला, त्यानं १४५ पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप) असलेली गाडी देऊन १०५ पीएसची, तीही चार गिअरची ऑटोमॅटिक सेडान घेणं ही वाचकांची फसवणूक आहे. गाडी कडक वाटत होती तर टायर बदलायचे, शॉकअप बदलायचे, विकायची कशाला? आणि शेवटी : निदान ती कुणाच्या हाती दिली तेवढं तरी सांगा.

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. 'आपल्या रस्त्यांवर स्पोर्टी गाडीला काही अर्थ नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. लेखातून ते काढलं आहे. ज्यानं रविवारी पहाटे इंदूरहून महू ओलांडून जानापावच्या बाजूला गाडी घातली आहे, मानपूरच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं आहे, तो असं लिहू शकत नाही. मी ते सगळं केलेलं आहे. रांजणगावला तयार झालेली ती गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना बाजारात आली, तेव्हा दहा लाखांच्या आत २१२ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक हे क्वचितच मिळायचं. तिचं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग हाताला रस्ता सांगायचं. खडी कुठे सुटी आहे, पुढचं चाक कुठे सरकायला लागलं आहे, ते तळव्यांना आधी कळायचं. सियाझचं इलेक्ट्रिक स्टीअरिंग हलकं आहे, गल्लीत गाडी वळवताना सुखाचं आहे, पण ते एवढं बोलत नाही. हे मी गमावलं आहे आणि त्याची भरपाई सियाझमध्ये कुठेही नाही.

आता टायर आणि शॉकअप. अबार्थला १९५/५५ आर १६ टायर होते. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. माझ्या सियाझला १८५/६५ आर १५ आहेत, तिथे तीच उंची १२० मिलिमीटर भरते. १३ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण खड्ड्याची धार स्प्रिंगपर्यंत पोहोचण्याआधी याच रबरात मरते. हवा दोन पीएसआयनं उतरवून पाहिली होती. धार किंचित बोथट झाली आणि स्टीअरिंगही बोथट झालं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की मला जे नको आहे आणि जे हवं आहे ते एकाच जागी राहतं. ज्या कडक स्प्रिंगांमुळे ती वळणावर न झुकता सपाट राहते, त्याच स्प्रिंगा अन्नपूर्णा रोडवरचा प्रत्येक सांधा वर पाठवतात. हा तिचा दोष नव्हे. ती ज्या कामासाठी केली त्याचाच तो भाग आहे. मऊ शॉकअप टाकून मी तिला धड ना ही, धड ना ती करून ठेवली असती, आणि तसं करायला माझं मन झालं नाही.

थोडं हिशेबाचं सांगतो, कारण 'आराम म्हणजे मनाचे खेळ' असंही तुम्ही लिहिलं आहे. माणसाचं धड उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त जाणवून घेतं ते सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यात. आरामशीर गाडीची स्प्रिंग सेकंदाला एक-सव्वा झोका घेईल अशी ठेवतात, म्हणजे त्या पट्ट्यापासून लांब. स्पोर्टी गाडीत स्प्रिंग जितकी कडक, तितका हा झोका जलद होतो आणि त्या नाजूक पट्ट्यातलं अधिक काही आत येतं. शिवाय अबार्थचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५१० मिलिमीटर, सियाझचा २६५०. चौदा सेंटीमीटर, वीतभरही नाही. पण आखूड गाडीत मागचा माणूस मागच्या चाकांच्या जास्त जवळ बसतो आणि गाडी पुढे-मागे डुलते तीही जास्त. चालवणाऱ्याला यातलं फारसं कळत नाही. मला सहा वर्षं कळलं नव्हतं.

कळलं ते आईमुळे. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरही ती दर संकष्टीला खजराना गणपतीला जात होती, सुदामानगरहून शहर आडवं ओलांडून, पण रिक्षानं. मला वाटायचं, माझ्या ऑफिसची वेळ जुळत नाही म्हणून जाते. एकदा संकष्टी रविवारी आली, मी घरीच होतो, चावी हातात घेऊन उभा राहिलो, तरी ती म्हणाली, ''नको रे, रिक्षा बरी.'' विचारलं तेव्हा सांगितलं, रिक्षातही हादरे बसतात, पण पाय मोकळे राहतात आणि दांडा घट्ट धरता येतो. तुझ्या गाडीत गुडघे पुढच्या सीटला टेकतात आणि धक्का कधी येणार ते कळतच नाही. माझ्या मागच्या सीटवर आठ महिन्यांत ती एकदाही बसली नव्हती, आणि मी ते मोजलं त्या दिवशी. तिनं कधी तक्रार केली नाही, याचंच मला जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, दोष गतिरोधकांचा. आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरनं आरामात पार व्हावा अशा बेतानं. आमच्या कॉलनीत लोकांनी हातानं घातलेले उंचीला त्याच्याशी बरोबरी करतात आणि रुंदीला हातभरही नसतात. १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची (पोटाखाली एवढीच मोकळी जागा असलेली) गाडी त्यावरून तिरकी नेण्यात मी तरबेज झालो होतो. पण तिरकी नेताना गाडी डावी-उजवी हलते, आणि ते ऑपरेशन झालेल्या पाठीला सरळ धक्क्यापेक्षा वाईट. गतिरोधक सुधारायला हवेत, त्यासाठी अर्ज मी दिला आहे. ते सुधारेपर्यंत आईला रिक्षानं पाठवायचं, हे मला पटत नाही.

माझ्या रोजच्या जाण्यायेण्याबद्दल फार लिहीत नाही. गीता भवन, पलासिया, एलआयजी, विजयनगर, ही सिग्नलांची माळ तुम्हीही ओढत असाल. तिथे टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून जोर वाढवणारा पंखा) जागा व्हायच्या आतच पुढचा दिवा लाल होतो आणि डावा पाय क्लचवर. ऑटोमॅटिकनं हे सोपं झालं, एवढंच. पण केवळ यासाठी मी गाडी विकली नसती.

लेखात मी आईचा उल्लेख केला नव्हता, घरचं कशाला लिहायचं म्हणून. त्यामुळे तुम्हाला तो नुसता चैनीचा निर्णय वाटला असेल तर चूक माझी. सियाझ घेतल्यावर पहिल्याच संकष्टीला आम्ही खजरान्याला गेलो. परतताना ती बंगाली चौकापासून घरापर्यंत झोपली होती. तिला गाडीत झोपलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि अबार्थ. ती पीथमपूरला नोकरी करणाऱ्या एका मुलानं घेतली. एकटाच राहतो, मागच्या सीटवर त्याची बॅग असते. दर त्यानं फार पाडला नाही, मीही ताणला नाही. देण्याआधी त्याला मानपूरपर्यंत शेजारी बसवून नेलं आणि येताना त्याला चालवायला दिली. लांब पल्ल्यावरून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नकोस, मिनिटभर तसंच चालू ठेव, टर्बो थंड होऊ दे, हे दोनदा सांगितलं. घरी आल्यावर त्यानं गाडी उभी केली, चावीला हात न लावता स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला, आणि मिनिट झाल्यावर माझ्याकडे पाहून विचारलं, ''काका, आता बंद करू?''