मासा सोडावा कसा, ठेवावा कसा

गळाला लागलेल्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न मराठवाड्यात पूर्वी कुणाला पडत नव्हता. मासा लागायचा, घरी जायचा, येसर घालून त्याचा रस्सा व्हायचा. आता रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघणाऱ्या गाड्यांत महागडे रॉड, चकचकीत रीळ आणि मुक्या जिवांबद्दलचा कळवळा असं सगळंच सामान भरलेलं असतं. तेव्हा दोन शब्द सांगणं भाग आहे.

निर्णय माशाकडे बघून कधीही घेऊ नका, आजूबाजूला कोण आहे ते बघून घ्या. मोबाइल रोखून उभा असलेला मित्र सोबत असेल तर सोडा. सासरे असतील तर ठेवा. सासरे माळकरी निघाले तर हात जोडून सोडा आणि ते गाडीत जाऊन बसले की दुसरा धरा. एकटेच असाल तर तत्त्वाचा प्रश्नच येत नाही.

सोडायचा ठरला, तर नीट सोडा, म्हणजे लोकांना नीट दिसेल असा. वेळ मे महिन्यातल्या दुपारची उत्तम, फोटो लख्ख येतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि झुंजून दमलेल्या रोहूला नेमका तेव्हाच तो जास्त लागतो. पण ही अडचण रोहूची, फोटोत ती दिसत नाही. हात ओले करू नका, मासा निसटतो. कोरड्या हातांनी करकचून धरला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर तुमच्या तळव्यांना लागतो. तो थर त्याला बुरशीपासून आणि रोगांपासून जपतो म्हणे. जपत असेल. पोटाखाली हात देऊन आडवा धरला तर मासा लहान वाटतो, म्हणून कल्ल्यात बोटं खुपसून उभा लटकवा. पहिल्या फोटोत डोळे मिटले गेले असतील तर (तुमचे, माशाला पापण्याच नसतात) दुसरा काढा, तिसरा काढा.

काही चिकित्सक मंडळी गळाचं उलटं टोक पकडीने आधीच दाबून टाकतात, म्हणजे गळ अलगद निघतो. त्यांच्या नादी लागू नका. अशा गळावरून मासा मध्येच सुटून जाऊ शकतो. तो सोडायचाच असला तरी आपण सोडला पाहिजे, त्याने स्वतःहून सुटण्यात आपलं काय औदार्य?

सोडलेले मासे जगतात का, असं कुणी विचारेलच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा २७४ अंदाजांचा मेळ घातला, तेव्हा मरणाऱ्यांची सरासरी १८ टक्के निघाली. राहिले ८२, आणि आपला मासा नेहमी त्या ८२ मधलाच असतो. गळ घशात खोल रुतला असेल तर जगण्याची शक्यता फार घटते, म्हणून अशा वेळी ओढाओढ न करता दोरी कापून द्यावी, असं जाणकार सांगतात. पण इतका महागाचा गळ माशाला आंदण द्यायचा? ओढा.

स्वित्झर्लंडमध्ये तर सोडण्याच्याच इराद्याने मासा धरायला कायद्याने मनाई आहे. खायचा नाही तर छळायचा कशाला, असा तिथला सरळ हिशेब. थंड देशातली माणसं, त्यांना आपली भूतदया कशी कळणार!

ठेवणाऱ्यांनी मात्र हुरळून जाऊ नये, त्यांच्यासाठीही सल्ला आहे. मरळ धरायची तर लेकुरवाळी धरा. तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसला की समजा, आई-बाप तिथेच खाली राखणीला आहेत. आमिष बरोबर त्या घोळक्यातून ओढा. भूक नसली तरी मरळ पिल्लांपायी अंगावर येते आणि गळाला लागते. याला आपल्यात कसब म्हणतात. पिल्लांची काळजी नको, त्यांच्यावर टपलेले इतर मासे आहेतच.

आखाडात तर हमखास ठेवा. नव्या पाण्याला रोहू, कटला, मृगळ अंड्यांवर आलेले असतात आणि गाभोळीची चव काही औरच. श्रावण लागला की हवे तेवढे सोडा, तोवर वंश वाढायचा तो कालवणात वाढून झालेला असतो. आणि ठेवताना सगळ्यात मोठीच ठेवा. मोठी मादी लहानीच्या कितीतरी पट अंडी देते, म्हणून काही देशांत मधल्या मापाचे तेवढे ठेवून फार मोठे आणि लहान सोडायला लावतात. मधल्या मापाच्या माशासोबत फोटो काढून स्टेटसला काय ठेवणार, कप्पाळ?

दयेच्या भरात चिलापीही सोडून द्या. आफ्रिकेतली ही पाहुणी १९५२ साली भारतात आली, अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, कुठल्याही पाण्यात फोफावते आणि स्थानिक माशांच्या घासात वाटेकरी होते. आफ्रिकन मांगूर लागला तर तोही सोडा. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे खरी, पण दया करताना कुणी जात विचारतं का?

पाट्याही वाचू नका. नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. मासा ठेवायचा की सोडायचा याच्या आधी तिथे गळ टाकायचा की नाही, असला रसभंग करणारा प्रश्न पाटी वाचली की उगाच उभा राहतो. छोटे तलाव सोयीचे. रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तलावात त्यांची पैदास सहसा होत नाही. म्हणून मच्छीमार संस्था ठेक्याचे पैसे भरते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते आणि पाऊसकाळ बरा व्हावा म्हणून आभाळाकडे बघत बसते. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं की सगळे मासे मधल्या डबक्यात गोळा होतात. तेव्हा जा.

संस्थेचा माणूस थर्माकोलच्या तराफ्यावरून वल्हवत येईल आणि विचारेल, “सायेब, मासा आमचा, मंग सोडणारे तुमी कोण अन् ठेवणारे तुमी कोण?” चिडू नका. त्याच्या खांद्यावर हात टाकून एक फोटो काढा. निघताना त्याच्याकडूनच दोन किलो रोहू घ्या आणि भाव पाडून मागा. आत्ताच तर त्याच्या तलावात तुम्ही एक मासा सोडलाय.