‘फ्लाईटच्या आधी फ्लॅट विका’ सांगणारा तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा, आणि सासरकडचे दोन. "प्रॉपर्टी विकताय? परदेशी निघालात? हे वाचाच", वर हिरवे टिक, खाली हात जोडलेले इमोजी आणि मध्ये सहा मुद्दे. सोसायटीच्या ग्रुपवर मी "हे चुकीचं आहे" एवढंच टाकलं तर आमचे एक काका म्हणाले नुसतं चुकीचं म्हणू नकोस, काय चुकलंय ते सांग. बरं काका, सांगतो. उदाहरणं सगळी २०२५-२६ मधल्या विक्रीची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर वेगळे, म्हणून इथे नंबर टाकतच नाही.

मुद्दा पहिला: "इंडेक्सेशन बंद झालं, आता विक्रीच्या रकमेवर सरसकट १२.५ टक्के."

दोन चुका एका वाक्यात. टॅक्स विक्रीच्या रकमेवर नसतो, नफ्यावर असतो. खरेदीची किंमत, तेव्हा भरलेली स्टॅम्प ड्युटी, नंतर केलेलं पक्कं बांधकाम, विकताना दिलेली दलाली हे सगळं वजा करून जे उरतं त्यावर. आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या हिशोबाने खरेदी किंमत वाढवून धरणं, पूर्ण गेलेलं नाही. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढलं होतं, पण एवढी बोंबाबोंब झाली की दोन आठवड्यांत सरकारने दुरुस्ती आणली. आता रेसिडेंट (टॅक्सच्या हिशोबात भारतात राहणाऱ्या) माणसाने किंवा एचयूएफने (हिंदू अविभक्त कुटुंबाने) २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल तर दोन्ही हिशोब करायचे, इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के आणि इंडेक्सेशन लावून २० टक्के, आणि जो कमी तो भरायचा.

डोंबिवलीचा एक फ्लॅट घ्या, २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेला, आता ७५ लाखांना गेला. त्या वर्षीचा सरकारी महागाई इंडेक्स २००, २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ४० लाखांचे होतात ७५ लाख २० हजार. नफा उरलाच नाही, टॅक्स शून्य. (वरच्या २० हजारांचा तोटा मात्र दाखवता येत नाही, एवढं औदार्य नाही.) तेच इंडेक्सेशनशिवाय ३५ लाखांवर १२.५ टक्के आणि वर ४ टक्के सेस धरून ४ लाख ५५ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. आणि हो, हे सगळं २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या प्रॉपर्टीचं. त्याआधी विकलं तर नफा सरळ तुमच्या उत्पन्नात आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स.

मुद्दा दुसरा: "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्यामुळे नफा बारा लाखांच्या आत असेल तर काहीच भरायचं नाही."

हा बऱ्याच लोकांचा गोड गैरसमज आहे. बारा लाखांवाली सूट पगार, पेन्शन, व्याज असल्या साध्या उत्पन्नाला आहे, घर विकून झालेल्या नफ्याला नाही. रेसिडेंटला एक फायदा मिळतो, बाकी उत्पन्न नसेल तर नवीन रेजिममधले पहिले ४ लाख या नफ्यातून वजा होतात. म्हणजे घरी बसलेल्या, दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाला १० लाख नफा झाला तर ६ लाखांवर १२.५ टक्के, सेस धरून ७८ हजार. एनआरआय असाल तर ते ४ लाखही नाहीत, पूर्ण १० लाखांवर, १ लाख ३० हजार.

मुद्दा चौथा (तिसरा मुद्दाम शेवटी ठेवलाय): "वडिलोपार्जित घर विकलं तर टॅक्स लागत नाही कारण आपण ते विकतच घेतलेलं नाही."

वारसाने घर मिळतं तेव्हा टॅक्स नाही, हे बरोबर. विकताना लागतो. तेव्हा खरेदी किंमत धरायची ती आजोबांची किंवा वडिलांची, आणि घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. फक्त ती तेव्हाच्या सरकारी दरापेक्षा, म्हणजे आपल्याकडे रेडी रेकनरपेक्षा, जास्त धरता येत नाही, व्हॅल्युअरने रिपोर्टमध्ये कितीही फुगवून लिहून दिलं तरी. समजा साताऱ्याकडचा एखादा वाडा, २००१ ची किंमत ८ लाख, आता गेला ६० लाखांना. इंडेक्सेशन लावून नफा साधारण ३० लाख आणि टॅक्स, सेस वगैरे न धरता, ५ लाख ९८ हजार, इंडेक्सेशन न लावता साडेसहा लाख. इथेही फरक पडतो. काही जण सांगतात की इंडेक्स वडील गेले त्या वर्षापासून धरायचा, पण मुंबई हायकोर्टाने २०११ मध्येच आधीच्या मालकाच्या वर्षापासून धरायचा असं सांगितलंय, तेव्हा सीएने नंतरचं वर्ष धरलं तर शांतपणे विचारा का धरलं. गावाकडची शेतजमीन हा वेगळा विषय, ती शहराच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराच्या बाहेर असेल तर या टॅक्समध्ये येतच नाही, आणि बहुतेक या गैरसमजाचं मूळ तिथेच असावं.

मुद्दा पाचवा: "विक्रीची पूर्ण रक्कम दोन वर्षांत घरात गुंतवा, देशात किंवा परदेशात, टॅक्स माफ."

घर विकून घर घेताना फक्त नफ्याएवढी रक्कम घालावी लागते, पूर्ण रक्कम नाही. पूर्ण रक्कमवाला नियम प्लॉट, दुकान वगैरे विकून घर घेणाऱ्यांचा. आणि परदेशातलं घर चालत नाही, १ एप्रिल २०१५ पासून कायद्यात स्पष्ट "भारतात" असं आहे. टोरांटोचा कॉन्डो दाखवून सूट मागायला गेलात तर नोटीस येईल. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर घेऊन झालं नसेल तर पैसे बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये टाकावे लागतात, साध्या एफडीत ठेवून भागत नाही, इथे बरेच जण फसतात. घरच नको असेल तर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांचे बॉण्ड घ्या, पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज बेताचं.

मुद्दा सहावा: "रेडी रेकनरपेक्षा कमी किंमत दाखवा आणि वरचे कॅश घ्या." यावर फार बोलायलाच नको. दाखवलेली किंमत आणि रेकनर यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर टॅक्स रेकनरच्याच किमतीवर लागतो, आणि प्रॉपर्टीचे २० हजार किंवा जास्त कॅशमध्ये घेतले तर जेवढे घेतले तेवढाच दंड. जेवढे तेवढा, पुन्हा वाचा.

आता तिसरा: "परदेशी जाताय? फ्लाईटच्या आधी रजिस्ट्रेशन उरका म्हणजे रेसिडेंटचे नियम लागतील. गेल्यावर विकलं तर एनआरआय, आणि एनआरआयला भारतात टॅक्स नाही."

शेवटचं वाक्य तर चक्क खोटं आहे. भारतातली जमीन-घर विकलं की टॅक्स भारतात, तुम्ही राहायला कुठेही असा. उलट एनआरआयला ते २० टक्के आणि इंडेक्सेशनचा पर्याय नाहीच. त्यात टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स. रेसिडेंट विकत असेल तर ५० लाखांपासून पुढे १ टक्का. एनआरआय विकत असेल तर मर्यादाच नाही, आणि घेणारे भीतीपोटी पूर्ण रकमेवर कापतात. आपल्या ७५ लाखांच्या फ्लॅटवर सरचार्ज, सेस धरून १४.३ टक्के म्हणजे १० लाख ७२ हजार, जिथे खरा टॅक्स ४ लाख ५५ हजार. उरलेले मिळतात, पण रिटर्न भरून, वाट बघून. त्यापेक्षा व्यवहाराआधीच अर्ज करून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढावं. वेळ लागतो, म्हणून टोकन घेतल्यावर नाही, त्याआधी धावपळ करायची.

पण खरी गंमत पहिल्या वाक्यात आहे. रेसिडेंट की नाही हे विक्रीच्या दिवसावर ठरत नाही, पूर्ण आर्थिक वर्षावर ठरतं. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी इथे राहिला तर पूर्ण वर्षासाठी एनआरआय. म्हणजे जूनमध्ये फ्लॅट विकला, तेव्हा तुम्ही डोंबिवलीतच राहत होता, दूधवाला रोज येत होता, आणि १५ ऑगस्टला उडालात, तर १ एप्रिलपासून भरले १३७ दिवस. जूनच्या व्यवहारालाही एनआरआयचाच नियम. घेणाऱ्याने रेसिडेंट समजून १ टक्का कापलेला, आता त्यालाही त्रास. (दुबईवाल्यांचं वेगळं त्रांगडं आहे, कुठेच टॅक्स लागत नसेल आणि इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर कायदा भारतीय नागरिकाला रेसिडेंट मानू शकतो, ते सीएकडे बसून बघा.)

पलीकडच्या देशाचाही हिशोब असतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तुम्ही तिथले रेसिडेंट झालात त्या दिवसाची बाजारभावाची किंमत हीच तुमची खरेदी किंमत धरतात, त्यामुळे निघण्याआधी व्हॅल्युएशन रिपोर्ट काढून ठेवावा. अमेरिका तसं करत नाही, मूळ खरेदी किंमतच धरते, आणि इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देते.

हे सगळं मला कळलं ते माझ्या मावसभावामुळे. वरचा डोंबिवलीचा फ्लॅट त्याचाच. ऑगस्टअखेरचं टोरांटोचं तिकीट होतं आणि हाच फॉरवर्ड वाचून गडी घाईत जुलैमध्ये मिळेल त्या भावात विकायला निघाला होता. सीएबाईंनी कॅलेंडर पुढे ठेवलं आणि बोटाने दिवस मोजून दाखवले. मग त्याने कंपनीला विनवून जॉइनिंग पुढे ढकललं, ४ ऑक्टोबरला गेला, १८७ दिवस भरले. फ्लॅट विकला जानेवारीत, तो तिथे बर्फ उपसत असताना, आईच्या नावाने करून ठेवलेल्या कुलमुखत्यारपत्रावर. टीडीएस १ टक्का, टॅक्स शून्य.