शीत दाबू नका, थेट पंगत वाढा

भात शिजला की नाही हे एक शीत बोटांत दाबून बघतात. पण ही झाली स्वयंपाकघरातली रीत. तुम्ही शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करताय, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या मुलाखती घेणार आहात. तुमचे प्रश्न कच्चे होते, हे सगळी पंगत उठल्यावर कळलेलंच बरं.

गाइडने पायलटचा, म्हणजे खऱ्या मुलाखतींआधी प्रश्न एक-दोघांवर तपासून बघण्याचा, हट्टच धरला तर तो रूममेटवर उरका. इंजिनिअर असला तरी चालेल, शाळेत तोही गेलेला आहे. दोन कटिंगमध्ये काम होतं आणि तिसऱ्या प्रकरणात ‘पथदर्शक अभ्यासाअंती प्रश्नांत आवश्यक ते बदल करण्यात आले’ हे वाक्य टाकता येतं. कोणते बदल, हे कुणी विचारत नाही. (मी ‘तुम्ही’चं ‘आपण’ केलं होतं.)

प्रश्न असा ठेवा: ‘आपल्या अध्यापनात ज्ञानरचनावादी अध्ययन अनुभवांना कितपत वाव मिळतो, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्यांवर आपण कशी मात करता?’ हा प्रश्न घेऊन मी एका दोनशिक्षकी शाळेत गेले होते. गुरुजी पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहीत होते. माझा प्रश्न संपेपर्यंत त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं, मग टोपण लावलं आणि म्हणाले, “हो.”

मी थांबले. तेही थांबले. शेवटी त्यांनाच माझी दया आली. भिंतीवरच्या तक्त्याकडे हात करून म्हणाले, “हे सगळं करतो आम्ही, मॅडम.” शब्दांकनात माझा प्रश्न तीन ओळींचा आहे, उत्तर एका अक्षराचं.

आधी शेजारच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना हाच प्रश्न विचारून बघितला असता, तर त्या म्हणाल्या असत्या, “काल गणिताच्या तासाला काय केलंत, असं विचारा की.” पण हा सल्ला धोक्याचा आहे. असं विचारलं की माणसं बोलायला लागतात, आणि तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात.

प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ जोडायला विसरू नका. ‘अशैक्षणिक कामांमुळे शिकवण्यावर परिणाम होतो ना?’ यावर ‘होतो’ म्हणायला कुणाचं काय जातं? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना शिकवण्याखेरीज जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच कामं देता येतात. तेही प्रस्तावनेत शोभून दिसतं. पायलटमध्ये मात्र एखादे सर म्हणायचे, “जनगणनेला फिरलो म्हणून कुठलं पोर ऊसतोडीला जातं ते कळलं.” म्हणजे तुमचं गृहीतक पंक्चर.

मुलाखत मुख्याध्यापकांच्या खोलीतच घ्या, मुख्याध्यापकांसकट. तिथे पंखा असतो. घरी येऊन ऐकाल तेव्हा फक्त पंखाच ऐकू येईल आणि अधूनमधून “आमचे सर फार सहकार्य करतात.”

राहता राहिले परीक्षक. मुलाखत-सूची बघून माझ्या एका परीक्षकांनी विचारलं होतं, “अल्फा किती आला?” क्रॉनबाखने १९५१ साली मांडलेला, प्रश्नांची आपसातली सुसंगती मोजणारा हा गुणांक मापनश्रेणीतल्या गुणांसाठी असतो, आठ शिक्षकांच्या गप्पांसाठी नाही, हे तिथे बोलायचं नसतं. “काढते सर,” म्हणायचं.

त्या दोनशिक्षकी शाळेतून निघाले तेव्हा गुरुजी गाडीपर्यंत सोडायला आले. मी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला, गाडीला किक मारली, तशी त्यांनी हँडलवर हात ठेवला. “दुसरीतली सात पोरं घरी पावरी बोलतात, मॅडम. मला येत नाही. चौथीतली एक पोरगी मला सांगते ती काय म्हणतात ते. वर्ग खरं तर तीच घेते.”

पण हे माझ्या प्रश्नावलीत नव्हतं. शिवाय संमतीपत्रावर सही होती ती खोलीतल्या मुलाखतीसाठी.