समोवार : फॉरवर्डमधला आणि खरा

समोवार म्हणजे मधल्या नळीत विस्तव ठेवून पाणी तापवायचे रशियन भांडे. जुन्या पितळी समोवारच्या फोटोखाली फिरणारा मजकूर साधारण असा असतो : ‘झार पीटरने हॉलंडहून रशियात आणलेले यंत्र. मुळात आपल्या बंबाचीच नक्कल. पितळेत सोने मिसळलेले, अंगावर राजघराण्याच्या मुद्रा. यात चहा उकळतात आणि पितळेमुळे पाणी औषधी होते. चिंचेने घासा, कल्हई करून घ्या, निखारे टाका आणि वापरा. कुठे मिळाला तर सोडू नका, लाखोंचा माल आहे.’ यातली निम्मी वाक्ये नुसती चुकीची आहेत. उरलेली निम्मी पाळली, तर समोवार कायमचा गळका होतो.

‘पीटरने हॉलंडहून आणला, आपल्या बंबावरून बेतला’

एकाच मेसेजात हॉलंडही आणि आपला बंबही. दोघांपैकी एकाला माघार घ्यावीच लागेल. खरे तर दोघांनीही घ्यावी. पीटर १७२५ मध्ये वारला. रशियात चहा हॉलंडच्या बंदरातून नव्हे, मंगोलियाच्या बाजूने खुश्कीच्या वाटेने आला : १६३८ मध्ये एका मंगोल खानाने झारसाठी भेट म्हणून पाठवला आणि १७२७ च्या क्याख्ता तहानंतर चीनशी व्यापाराची घडी बसली. समोवारची सर्वांत जुनी लेखी नोंद मिळते ती १७४० ची, उरल भागातली. जकातवाल्यांनी जप्त केलेल्या मालाच्या यादीत कथील चढवलेला एक तांब्याचा समोवार आहे. रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरात लिसित्सिन बंधूंचा समोवारचा कारखाना नोंदला गेला तो १७७८ मध्ये. पीटरचा तुलाशी संबंध आहे, पण तो बंदुकांपुरता. १७१२ मध्ये त्याने तिथे सरकारी शस्त्रकारखाना उभा केला, आणि धातूकामात मुरलेले हात त्या गावाला समोवारसाठी आयतेच मिळाले.

बंबाचे साम्य मात्र खोटे नाही. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख, बाजूला तोटी : तांब्याचा बंब पाहिलेल्या माणसाला समोवार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण हीच युक्ती रोमन लोकांच्या भांड्यांत होती, चिनी हॉटपॉटमध्ये आहे आणि रशियातच मध-मसाल्याचे गरम पेय विकणाऱ्यांच्या किटलीतही होती. विस्तव पाण्याच्या पोटात ठेवला की उष्णता फारशी वाया जात नाही, हे अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकते. त्यासाठी कुणी कुणाची नक्कल करायला नको.

‘राजघराण्याच्या मुद्रा, सोन्याचे पितळ’

अंगावर आणि झाकणावर ओळीने दिसणारी गोल चिन्हे ही औद्योगिक प्रदर्शनांतल्या पदकांची चित्रे आहेत. सेंट पीटर्सबर्ग १८७०, मॉस्को १८८२, निझनी नोव्हगोरोद १८९६ ही नेहमी दिसणारी. बाताशेव, शेमारिन, तैले अशा कारखानदारांनी ती जाहिरातीसारखी ठोकली. दुमुखी गरुड दिसला म्हणजे भांडे राजवाड्यातले, असे होत नाही. पदकावरचे साल हेही समोवार बनवल्याचे साल नव्हे, ते बक्षिसाचे. त्यावरून एवढेच ठरते, की १८९६ चे पदक असलेला समोवार १८९६ च्या आधीचा नाही.

जास्त उपयोगी खूण लिपीत आहे. १९१८ च्या लेखनसुधारणेत रशियन वर्णमालेतून ‘यात’ हे अक्षर गेले. उभ्या दांड्यावर आडवी रेघ आणि तळाशी उजवीकडे पोट, असे ते दिसते. ‘तुलात’ या अर्थाच्या ठशात शेवटी ते अक्षर असेल तर ठसा जुन्या वळणाचा. रोमन सीसीसीपीसारखी दिसणारी चार अक्षरे असतील तर माल सोव्हिएत काळातला.

सोन्याचे म्हणाल तर, पितळात तांब्याचे प्रमाण वाढवले की रंग लालसर सोनेरी होतो. त्या मिश्रधातूला तोंबाक म्हणतात. त्यात सोने नसते.

‘लाखोंचा माल’

१८५० च्या सुमारास एकट्या तुलात २८ कारखाने होते आणि वर्षाला सुमारे १,२०,००० समोवार निघत. पुढे हा आकडा कैकपटींनी वाढला. माल वजनावर विकला जाई. म्हणजे ही घरोघरची वस्तू होती. साधा उभ्या डब्यासारखा, पाच-सहा लिटरचा समोवार जुना असला तरी दुर्मीळ नाही. किंमत चढते ती प्रवासी समोवारची (पाय सुटे होणारा), चौकोनी किंवा बहुकोनी अंगाचा, एकट्यापुरता लिटरभराचा, किंवा सगळे भाग मूळचे शाबूत असलेला. सगळे भाग म्हणजे झाकण, वाफेच्या भोकांवरच्या टोप्या, वरचा मुकुट, नळी बंद करायचे टोपण, तळाची जाळी आणि तोटीची चावी.

चावीकडे विशेष बघा. ती निमुळती असते आणि आपल्याच तोटीत घासून बसवलेली असते. दुसऱ्या समोवारची चावी चालत नाही. थेंब-थेंब गळत असेल तर वर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. दंतमंजनाची बारीक पूड आणि तेलाचा थेंब लावून चावी पाच-दहा मिनिटे मागेपुढे फिरवावी, मग स्वच्छ धुवावी. चावीच नसेल तर ती घडवून घ्यावी लागते, आणि हे काम सोपे नाही.

शोभेच्या नकलाही बाजारात बऱ्याच आहेत. झाकण काढून आत बघा. मधली नळीच नाही, किंवा तोटीला आरपार भोकच नाही, तर ते फुलदाणीच्या कामाचे भांडे आहे.

‘यात चहा उकळतात’

रशियन समोवारमध्ये फक्त पाणी. चहा वरच्या छोट्या किटलीत : अर्ध्या लिटर पाण्याला पाच-सहा चहाचे चमचे पत्ती, सात-आठ मिनिटे मुरवून. हा कडक अर्क कपात तळाशी घ्यायचा आणि वर तोटीचे पाणी आपल्या चवीप्रमाणे, बहुधा आठ-दहा पट. किटली मुकुटावर बसते ती ऊब राहावी म्हणून, उकळण्यासाठी नव्हे. तीही धूर थांबल्यावर ठेवायची. पोटातच चहा करायची रीत आहे ती काश्मीरची. तिथला समोवार ओळखायला सोपा : तोटी नाही, सुरईसारखी चोच आणि मूठ. मुसलमान घरांत तो कल्हई केलेल्या तांब्याचा, पंडितांकडे पितळी. फॉरवर्डने दोन्ही घराणी एकत्र केली आहेत.

‘पितळेमुळे औषधी’

समोवारच्या आतून कथलाचा थर असतो. पाणी पितळेला लागतच नाही, मग गुण कुठून उतरणार? आणि लागत असेल, म्हणजे आत पिवळे-गुलाबी डाग दिसत असतील, तर थर गेला आहे. जुन्या डाखात (सांधे जोडायला वितळवून लावलेल्या धातूत) शिसेही असते. असा समोवार दुरुस्त होईपर्यंत शोभेलाच ठेवावा.

‘चिंच आणि कल्हई’

चिंच फार वेळ लावून ठेवली की आम्लाने जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी पडते. मुळात खूपसे समोवार पितळी दिसायचेच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांना निकेलचा मुलामा देत. मुठींच्या बुडाशी, ठशांच्या खाचांत पांढरट चमक उरली असेल तर कुणीतरी मुलामा घासून काढला आहे. मशीनवर बफ मारला की ठसेही बोथट होतात आणि किंमत खाली येते.

आतला क्षार काढायचा असेल तर लिटरला २० ग्रॅम लिंबूफूल, कोमट पाणी, तासभर, मग तीन-चार वेळा खळखळून धुणे. रात्रभर ठेवू नये.

कल्हईचा सल्ला सर्वांत महागात पडतो. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे कल्हईवाला भांडे त्याहून जास्त तापवणार. मधली नळी आणि तळ ज्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असतात, तो १८३ अंशांपासूनच मऊ पडू लागतो. पातेल्यासारखे तापवले की थर चढायच्या आधी सांधे सुटतात. शिवाय नळी जागेवर असताना नवसागर आणि बोळा सगळीकडे पोचत नाही. नळी सोडवायची, कल्हई करायची, मग शिसे नसलेल्या डाखाने परत जोडायची, असा हा क्रम आहे. ते करणारा कारागीर भेटेपर्यंत हात लावू देऊ नये.

‘निखारे टाका आणि वापरा’

आधी पाणी, मग विस्तव. याला अपवाद नाही. पाणी आहे तोवर नळीचे सांधे शंभर अंशांच्या आसपास राहतात. कोरड्या नळीत निखारे पडले की काही मिनिटांत डाख ओघळतो. तोटी तळापासून जरा वर असते, त्यामुळे थोडे पाणी आत उरतेच. पण तेही आटू शकते. विस्तव असताना समोवार तिरका करून शेवटचा कप काढू नये.

काठापासून तीन बोटे मोकळी ठेवून भरा. झाकणावरची वाफेची भोके उघडी हवीत, नाहीतर उकळते पाणी झाकणाखालून उसळते. पेटत्या चिपाट्या नळीत सोडा, त्यांवर मूठभर कोळसा, वर जोडनळी (धूर वर नेणारी सुटी नळी) लावली की ओढ धरते. रॉकेल नको, भडका वर येतो आणि वास चहात उतरतो. हवा बुडाच्या भोकांतून आत जाते आणि तिथूनच ठिणग्याही पडतात, म्हणून खाली धातूचे ताट, टेबलक्लॉथ नव्हे. पाच लिटरला साधारण अर्धा तास.

हे सगळे अंगणात किंवा उघड्या गच्चीवर. रशियन घरांत जोडनळीचे तोंड भट्टीच्या धुराड्यात घालत. फ्लॅटच्या बंद खोलीत जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि जीव जाऊ शकतो. झाल्यावर नळीवर टोपण घाला, हवा तुटते आणि निखारे विझतात. आतले पाणी त्यानंतर ओतून टाका, आणि झाकण उघडे ठेवून आतून कोरडे होऊ द्या.