‘खिशातली सोनोग्राफी सगळं सांगते’ म्हणे

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. फोटोत मोबाइलला जोडलेला सोनोग्राफीचा प्रोब कुणाच्या तरी छातीवर टेकवलाय आणि खाली मजकूर आहे: “स्टेथोस्कोपचे दिवस संपले! खिशातल्या सोनोग्राफीने खाटेवरच पाच मिनिटांत सगळं निदान, तेही ९० टक्के अचूक. नॉर्मल आली तर निर्धास्त राहा. एक्स-रे नको, सीटी नको. एका दिवसात कुणालाही शिकता येते. प्राण वाचतात हे सिद्ध झालंय.” मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघे डॉक्टर आहेत.

मी कॅज्युअल्टीत काम करतो आणि हा प्रोब रोज वापरतो. मशीनचं कौतुक मलाही आहे, पण या मेसेजमध्ये ते भलत्याच गोष्टीसाठी चाललंय.

“सगळं निदान.” गफलत इथूनच सुरू होते. रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफी करतात तेव्हा एकेक अवयव नीट बघून, मापं घेऊन रिपोर्ट लिहितात. आम्ही खाटेजवळ करतो ती पॉइंट-ऑफ-केअर अल्ट्रासाउंड, बोलताना नुसतं ‘पोकस’. ती एखादाच प्रश्न घेऊन करायची असते. पोटात मोकळं रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साठलंय का? पोटातली महाधमनी ३ सेंटिमीटरपेक्षा रुंद झालीय का? मांडीतली नीला प्रोबने दाबल्यावर पूर्ण मिटते, की आतल्या गुठळीमुळे उघडीच राहते? उत्तर हो, नाही किंवा ‘दिसत नाही’ एवढंच. हे तिसरं उत्तर द्यायची लाज वाटणाऱ्याने प्रोब हातात घेऊ नये.

“९० टक्के अचूक.” हा आकडा बहुधा डॅनिएल लिश्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांच्या २००८ सालच्या अभ्यासातून आलाय. फुप्फुसाच्या सोनोग्राफीचा पाया घालणाऱ्यांपैकी हा माणूस. तीव्र धाप लागून आयसीयूत आलेल्या पेशंटमध्ये त्यांच्या पद्धतीने ९०.५ टक्के वेळा बरोबर निदान झालं. पण अभ्यासात पेशंट होते ३०१ आणि हिशेबात धरले २६०. ज्यांचं अंतिम निदानच ठरलं नाही, ज्यांना एकाहून जास्त आजार निघाले किंवा ज्यांचा आजार दुर्मीळ होता, असे ४१ वगळले. अभ्यासासाठी हे रास्तच होतं आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही. मात्र रात्री दोन वाजता धापा टाकत येणाऱ्याच्या कपाळावर ‘मला वगळा’ असं लिहिलेलं नसतं. शिवाय प्रोब धरणारे हात त्या विषयात मुरलेल्यांचे होते.

“नॉर्मल आली तर निर्धास्त राहा.” मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

अपघातात पोटाला मार लागलेला एक तरुण आला होता. बीपी ठीक, नाडी १०४. मी ‘फास्ट’ केली, म्हणजे चार ठिकाणी प्रोब ठेवून रक्त शोधण्याची तपासणी. यकृत आणि उजवा मूत्रपिंड यांच्यामधली फट आधी बघतात, कारण झोपलेल्या माणसाच्या पोटात रक्त सहसा तिथे उतरतं. फट स्वच्छ होती. प्लीहेकडची बाजू आणि ओटीपोटही ठीक वाटलं. “फास्ट निगेटिव्ह,” मी मोठ्याने जाहीर केलं आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल पडले. माझेही. चाळीस मिनिटांनी सिस्टरनी हाक मारली, नाडी १२८. पुन्हा जेल लावलं, तीच फट बघितली. आता तिथे रिफिलएवढ्या जाडीची काळी पट्टी होती. प्लीहा फाटली होती. ऑपरेशन झालं, पोरगा वाचला.

मशीन पहिल्यांदाही खरंच बोललं होतं. पोटात साधारण २०० मिलीलीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त रक्त जमल्याशिवाय ही तपासणी सहसा ते दाखवत नाही. पोटाच्या मागच्या बाजूला झालेला रक्तस्राव तिच्या कक्षेत जवळपास येतच नाही आणि फाटलेलं आतडंही ती सहज चुकवते. ‘त्या मिनिटाला, त्या चार जागी रक्त दिसलं नाही’ एवढाच निगेटिव्हचा अर्थ. मी तो ‘रक्त नाही’ असा ऐकवला, चूक तिथे झाली. आता नाडी वाढली की, आणि नाही वाढली तरी थोड्या वेळाने, मी परत बघतो.

“एक्स-रे नको, सीटी नको.” यातलं एक्स-रेबद्दलचं काही प्रमाणात खरं आहे. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरली की झोपवून काढलेला एक्स-रे ती निम्म्याहून जास्त वेळा चुकवतो. अपघातग्रस्तांवरच्या अभ्यासांचा २०२० साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात अशी हवा सोनोग्राफीने ९१ टक्के पेशंटमध्ये पकडली आणि एक्स-रेने ४७ टक्के. एकदा बघितलं की कारण कळतं. दोन बरगड्यांच्या मध्ये प्रोब ठेवला की खाली एक पांढरी रेघ दिसते आणि श्वासाबरोबर ती मुंग्यांची रांग चालल्यासारखी सरकते. मध्ये हवा शिरली की मुंग्या थांबतात. अर्थात त्या इतर कारणांनीही थांबतात, पण सरकताना दिसल्या तर निदान प्रोबखालच्या तेवढ्या जागेत हवा नाही.

सीटीचं तसं नाही. मूतखड्याच्या संशयावर अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांत २७५९ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. सुरुवात सोनोग्राफीने केली म्हणून गंभीर गुंतागुंत वाढली नाही आणि किरणोत्सर्ग कमी झाला. उत्तमच. पण खाटेजवळच्या सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांपैकी दहातल्या चौघांचा पुढे सीटी काढावाच लागला. आधी सोनोग्राफी करणं वेगळं, सीटी बंद करणं वेगळं.

“एका दिवसात कुणालाही.” प्रोब कसा धरायचा हे एका दिवसात येतं. पोटात दोन काळ्या नळ्या शेजारी-शेजारी धावतात, महाधमनी आणि महानीला. दमलेला नवखा एकीला दुसरी समजतो. जठरातलं पाणी मोकळं रक्त वाटतं, मूत्रपिंडाभोवतीची चरबीही वाटते. फुप्फुसात खाली झेपावणाऱ्या पांढऱ्या रेघा, त्यांना आम्ही बी-लाइन्स म्हणतो, हृदय थकून साठलेल्या पाण्यामुळे दिसतात, तशाच न्यूमोनियात आणि जुन्या फायब्रोसिसमध्येही, म्हणजे फुप्फुस कडक होण्याच्या आजारात. आता ॲप त्या मोजून देतं. मोजून दिल्या म्हणजे कशामुळे आल्या ते सांगितलं, असं नाही.

“प्राण वाचतात हे सिद्ध झालंय.” एकेका पेशंटचे वाचतात, मी पाहिलेत. पण सिद्ध म्हणाल तर २०१८ ची एक चाचणी बघा. कारण न कळता बीपी पडलेल्या २७० च्या वर पेशंटमध्ये निम्म्यांना पोकस केलं, निम्म्यांना नाही. ३० दिवसांनंतर जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता आणि सलाइन किती दिलं, सीटी किती काढले, यातही नोंद घ्यावी असा नव्हता. चाचणी लहान होती, त्यामुळे पोकस निरुपयोगी असा उलटा मेसेज कृपया कुणी बनवू नका. आणि घाईत ते नडूही शकतं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं नाडी बघण्यापुरतं, फार तर १० सेकंद थांबवायचं असतं. २०१७ च्या एका लहान अभ्यासात हा थांबा पोकसविना सरासरी १३ सेकंदांचा होता आणि पोकस करताना २१ चा. सगळे पडद्याकडे बघत राहतात, दुसरं काय! आमच्याकडे आता एक जण मोठ्याने सेकंद मोजतो आणि दहाला प्रोब निघतो. चित्र नंतर बघता येतं.

राहिला स्टेथोस्कोप. १८१६ साली लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून पहिल्यांदा छाती ऐकली तेव्हापासून स्टेथोस्कोपने बऱ्याच चुका केल्या असतील, हृदयाभोवतीचं पाणी तर तो आजही बेभरवशानेच ओळखतो. पण दम्याचा झटका आलेला पेशंट घ्या. प्रोब लावला तर रेघ सरकतेय, बी-लाइन्स नाहीत, फुप्फुस सहसा निरोगी माणसासारखंच दिसतं. इकडे त्याला वाक्य पुरं करता येत नसतं. त्याच्या छातीतली शिट्टी ऐकायला, आणि हवा आत जाईनाशी होऊन ती शिट्टीही बंद पडलीय का हे कळायला, मी अजून कानात नळ्याच घालतो.