नकाशावरची तुटक रेघ

काकांचा रविवारचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्स गावी बुटांचा चिखल खरवडत बसलो होतो. खाली पब, वर चार खोल्या, अशी जुनी दगडी सराई. काकांचा विषय ठरलेला होता, कोकणातला रेवस-रेडी सागरी महामार्ग.

"खाडीवर पूल झाला की मुंबईकर धडाधड येतील बघ समुद्र बघायला."

"कुठून बघतील, काका?"

यावर ते गप्प झाले. आमच्या वाडीतून पुळणीवर उतरणारी पाखाडी होती. चिऱ्याच्या पायऱ्या, मधे फणसाखाली टेकायला एक धोंडा. खालचा तुकडा बाहेरच्या कुणीतरी घेतला आणि पाखाडीवर आडवी भिंत घातली. आता समुद्र दिसतो, ऐकू येतो, पण तिथे पोचायला गाडी काढून तीन किलोमीटर वळसा घालावा लागतो.

इथे त्या दिवशी मी सराईच्या दारातूनच चालत निघालो होतो. घरांमधून बोळ, मग एक फाटक. हे फाटक मला फार आवडतं. एका वेळी एकच माणूस वळून पलीकडे जातो, गाय मात्र अडकते. पुढे विन्स्पिटच्या खाणीकडे उतरताना दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर मध्ययुगात पाडलेल्या शेताच्या पायऱ्या दिसतात. अगदी आपली भाताची खाचरं, फक्त भाताऐवजी मेंढ्या. खाली समुद्र लागला की पश्चिमेला कड्याकड्याने सेंट आल्डेल्म्स हेडपर्यंत चढ. तिथे बाराव्या शतकातलं चौकोनी चॅपल आहे, आत इतका अंधार की डोळे सरावायला वेळ लागतो. मग कच्च्या रस्त्याने परत सराईत. सगळी वाट कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या जमिनीतून गेली, आणि कुणी हटकलं नाही.

हटकणार कसं? १९४९ च्या कायद्याने इथल्या कौंटी कौन्सिलांना सार्वजनिक हक्काच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. बाजारात मिळणाऱ्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी छापलेल्या असतात. शेतातून आडवी गेलेली वाट मालकाने नांगरली, तर पहिल्या वेळी चौदा दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामाच्या वेळी चोवीस तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. बार्लीच्या उभ्या पिकातून गेलेली अशी सरळ पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, पाइपलाइन टाकलीय.

समुद्रकाठचं तर आणखी मजेशीर. इथली नैर्ऋत्य किनाऱ्याची वाट सुमारे १,०१४ किलोमीटरची. ती मुळात चोरटा माल पकडायला गस्त घालणाऱ्या सरकारी शिपायांनी पाडली. प्रत्येक खाचेत डोकावून बघायचं म्हणून ती काठ सोडत नाही. म्हणजे आज मी जे निसर्गसौंदर्य बघतो ते कस्टमवाल्यांच्या कृपेने. २००९ च्या कायद्यात तर अशी सोय आहे की इंग्लंडच्या किनारवाटेचा कडा ढासळला तर वाट आत, मागे सरकवता येते.

इथे मला गावाकडचा मित्र ऐकू येतो: "साहेबांचं कौतुक पुरे." बरोबर आहे. हे साहेबांनी आपखुशीने दिलेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउटच्या खासगी माळावर चालण्याच्या हक्कासाठी काहीशे लोक मुद्दाम घुसले, त्यांतले पाच तुरुंगात गेले. आजही वाट सोडून मोकळं हिंडायचा हक्क इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे. शिवाय इथल्या शेकडो एकरांतून एक मीटर गेला तर मालकाला कळतही नाही. आपल्याकडे वीस गुंठ्यांच्या धन्याला तोच मीटर ताटातला घास वाटतो. हे मी नाकारत नाही.

पण आपल्याकडचे वाद बघा. २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांत कोकणचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही. लगेच चर्चा पार्किंगची आणि रोपवेची. पावसाळा आला की धबधब्यांवर जमावबंदी, नाहीतर नुसतीच गर्दी. रस्ता किती पदरी, बंदी किती दिवस. चालणारा माणूस यात कुठेच नाही, आणि हे आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांच्या मुलखात.

कायदाही शेताकडे जाणाऱ्याला ओळखतो, नुसत्या चालणाऱ्याला नाही. शेताची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. बांधावरून नवी वाट हवी तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. बैलगाडी आणि ट्रॅक्टरची सोय झाली. पुळणीवर जाऊ पाहणाऱ्या म्हातारीने काय सांगायचं? माझं शेत समुद्रात आहे?

आणि गंमत अशी की रेघ आपल्याकडेही आहे. जुन्या गाव नकाशांत गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायमार्ग एका. महामार्गाच्या निम्म्या चर्चेइतकी चर्चा या एकेरी रेघांची झाली, त्या छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्या, तर कोकणात वाडीवाडीतल्या न्याहारी-निवासाच्या घरांतून माणसं थेट चालत निघतील. नवीन काही बांधायला नको. झाडी तोडायची, चिरे बसवायचे, बाण रंगवायचे.

काकांना म्हटलं, भूमी अभिलेखातून नकाशाची प्रत काढा.

"तू मे महिन्यात पंधरा दिवस येणार, फणस खाणार आणि जाणार," ते म्हणाले. "भिंतवाल्याशी बारा महिने भांडायचं कोणी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी गेले. काल त्यांनी फोटो पाठवला, सुरकुतलेल्या प्रतीवर त्यांचं बोट. देवळापासून निघून एकेरी तुटक रेघ थेट भरतीच्या खुणेपर्यंत उतरते. भिंत तिच्या बरोबर मधोमध येते. बोटाच्या नखाशी काकांनी पेन्सिलीने एक छोटी फुली केलीय: फणस.