हार्नेस कुठेही बोल्ट केला तरी चालतो, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. थोडक्यात असं म्हणणं आहे की रेस कारमध्ये सहा पॉइंटचा, म्हणजे गाडीला सहा जागी बांधलेल्या पट्ट्यांचा, दणकट हार्नेस घ्या, भक्कम जागा बघून बोल्ट मारा, करकचून आवळा, झालं. हान्स (खांद्यांवर बसणारी, डोकं-मान धरणारी कॉलर), पट्ट्यांची एक्सपायरी, नळ्यांवरचं पॅडिंग हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे आणि छोट्या ट्रॅकवर तर त्याची गरजच नाही. नवीन पोरं हे वाचून गाड्या बांधतायत, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "शोल्डर बेल्ट सीटच्या मागे फ्लोअरला बांधा, फ्लोअरइतकं मजबूत काही नाही". अहो, मजबुतीचा प्रश्नच नाहीये, पट्टा कुठल्या दिशेने ओढतो हा प्रश्न आहे. गाडी समोरून धडकली की अंग पुढे जातं आणि पट्टा त्याला स्वतःच्या रेषेत मागे खेचतो, मग ती रेष खांद्यावरून खाली फ्लोअरकडे जात असेल तर तो तुम्हाला मागे कमी आणि खाली जास्त दाबतो, म्हणजे सगळा भार उभा मणक्यावर. एका ओळखीच्याच्या गाडीत मी त्याला सीटवर बसवून खांद्यापासून अँकरपर्यंत, म्हणजे पट्टा जिथे बोल्ट केलाय तिथपर्यंत, दोरी ताणून बघितली होती, आडव्या रेषेपासून साठेक अंश खाली जात होती, आणि तो बिचारा त्याच पट्ट्यांवर वर्षभर गाडी पळवत होता. हान्स वापरणार असाल तर हा कोन 0 ते 20 अंशांच्या आत हवा, म्हणजे रोल केजला (गाडीच्या आतला नळ्यांचा पिंजरा) खांद्याच्या उंचीच्या आसपास हार्नेस बार, म्हणजे पट्टे बांधायची आडवी नळी, लागतोच. शिवाय फ्लोअरपर्यंत नेलेला पट्टा लांब होतो, आणि पट्टा जितका लांब तितका तो धडकेत जास्त ताणला जातो, डोकं तेवढं स्टिअरिंगच्या जवळ जातं.

बरं, लॅप बेल्ट आणि मधले पट्टे फ्लोअरलाच येतात, पण तिथेही नुसता पातळ पत्रा आणि वॉशर चालत नाही. पत्र्याला बांधताना एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात मागून किमान 3 मिमी जाडीची आणि 40 चौरस सेंमीची प्लेट सांगितलीये, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो.

"करकचून आवळा" हे अर्धं बरोबर आहे. आधी लॅप बेल्ट, तोही पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर, आणि तो घट्ट बसल्यावरच खांद्याचे पट्टे. उलटं केलं तर खांद्याचे पट्टे लॅप बेल्टला वर पोटावर खेचतात, मग धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा आतड्यांवर बसतो. दोन मांड्यांमधले पट्टे हे सरकणं थांबवायलाच असतात.

आता "छोट्या ट्रॅकवर हान्स कशाला". हिशोब करून बघा ना. ताशी 60 किमीने भिंतीला धडकलात आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून गाडी थांबली, तर सरासरी 28 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 28 पट झटका, होतात. डोकं आणि हेल्मेट मिळून 6 किलो धरलं तर मानेवर दीडशे किलोच्या वर ओढ येते, कारण धड पट्ट्यांनी धरलंय आणि डोकं मोकळं आहे!! म्हणजे हार्नेस जितका चांगला, तितकी हान्सची गरज जास्त. 18 फेब्रुवारी 2001 ला अमेरिकेत डेटोनाच्या रेसमध्ये ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाचं हाड मोडून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने (त्या रेस घेणारी अमेरिकन संघटना) डोकं-मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने 2003 मध्ये. पट्टे मात्र हान्सच्या दोन्ही खांद्यांवर नीट बसले पाहिजेत, मागे अँकर फार लांब लांब असले तर ते ऐनवेळी घसरतात.

एक्सपायरीचं म्हणाल तर एसएफआयचे (अमेरिकेतली सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) पट्टे बनवल्यापासून 2 वर्षं, एफआयएचे 5. पट्टा पॉलिस्टरचा असतो, ऊन त्याला आतून खातं. जुन्या पट्ट्याचा अ‍ॅडजस्टर (लांबी कमीजास्त करायची कडी) सरकवून त्याखालचा रंग बघा, तिथे गडद आणि बाकी सगळीकडे फिका दिसेल, तेवढा भाग कमजोर झालाय. मोठ्या धडकेनंतर तर तारीख न बघता बदला, तो एकदा ताणला गेलाय.

पॅडिंगला पाइपवर चढवतात तो मऊ फोम लावू नका, अंगठ्याने दाबला तरी सपाट होतो. एसएफआय 45.1 चं कडक पॅडिंग मिळतं, हेल्मेट लागू शकेल अशा प्रत्येक नळीला तेच.

आणि एक गोष्ट त्या मेसेजमध्ये अजिबातच नाहीये. 29 नोव्हेंबर 2020 ला बहरीनला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोमां ग्रोजाँ धडकेनंतर आगीतून बाहेर आला त्याला 28 सेकंद लागले, हात भाजले पण वाचला. तुमच्या गाडीत सूट, ग्लोव्हज, हेल्मेट, हान्स सगळं चढवा, पट्टे रेसमध्ये आवळता तसे आवळा, डोळे मिटा आणि किल स्विच (गाडीचा करंट तोडणारा) आणि फायर सिस्टिमचा हँडल हाताला लागतो का बघा. मग पट्टे, विंडो नेट (खिडकीची जाळी), स्टिअरिंग काढून बाहेर या, कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा. माझ्या पहिल्या गाडीत मोकळं बसून स्विच आरामात लागायचा, पट्टे आवळल्यावर बोटं चार इंच आधीच थांबली, त्याच दिवशी तो काढून जवळ आणला.